पीएएचमध्ये सिंपथेटिक नसा: गुन्हेगार की नुसत्या साक्षीदार?

उजवा_कप्पा:
फुप्फुसाच्या धमन्यांतल्या उच्च रक्तदाबाची, म्हणजे पीएएचची, चर्चा सिल्डेनाफिल, बोसेंटान, प्रोस्टासायक्लिन या धमन्या सैल करणाऱ्या औषधांपुढे सरकतच नाही. पण रुग्ण बहुधा दगावतो तो उजवं हृदय हरल्यामुळे, आणि त्याला हरवण्यात सिंपथेटिक नसांचा, म्हणजे शरीराला ताणाच्या वेळी चेतवणाऱ्या मज्जातंतूंचा, हात आहे. 2004 साली ब्रसेल्सच्या गटाने पायाच्या नसेत सुई घालून तिचे संदेश थेट मोजले. पीएएच रुग्णांत ते निरोगी माणसांपेक्षा जास्त निघाले. 2010 मध्ये असंही दिसलं की ज्यांच्यात ते जास्त, त्यांची तब्येत पुढे लवकर ढासळते. या नसा सोडतात त्या नॉरॲड्रेनालिनचा मारा सतत चालू राहिला की उजव्या कप्प्यातले तो संदेश झेलणारे बीटा-1 रिसेप्टर घटतात, आणि कितीही चाबूक ओढले तरी हृदय जोर लावत नाही. म्हणून फुप्फुसाच्या धमनीभोवतीच्या या नसा जाळायचा उपाय, पीएडीएन, गांभीर्याने घ्यावा.

आकडेमोड:
हृदय कमी रक्त फेकतं म्हणून नसा चेकाळतात, हे उलटं कारणही तितकंच बसतं. नसाच दोषी असत्या तर त्यांचा हृदयावरचा परिणाम अडवणाऱ्या बीटा-ब्लॉकर औषधाने गुण यायला हवा होता. झालं भलतंच. 2006 च्या एका अभ्यासात यकृताच्या आजारासोबत पीएएच असलेल्या 10 रुग्णांचा बीटा-ब्लॉकर थांबवला, तर सहा मिनिटांची चाल, म्हणजे तेवढ्या वेळात चाललेलं अंतर, सरासरी 79 मीटरने वाढली. हिशोब सोपा आहे. उजवा कप्पा प्रत्येक ठोक्याला 40 मिलीच फेकू शकत असेल, तर 95 ठोक्यांना मिनिटाला 3.8 लिटर होतात आणि 70 ला 2.8. ठोका कमी केलात की रुग्णाला चक्कर येणारच.

लिव्हर_ओपीडी:
याला दुजोरा. सिरॉसिसमध्ये, म्हणजे यकृत कडक झाल्यावर, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांसाठी प्रोप्रॅनोलॉल हा बीटा-ब्लॉकर सर्रास दिला जातो. अशा रुग्णाला दम लागत असेल तर आधी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करा. पीएएच निघालं तर शिरांना बँडिंग करून, म्हणजे रबरी कडी बांधून, गोळी हळूहळू कमी करा, एकदम तोडू नका.

उजवा_कप्पा:
बीटा-ब्लॉकर हृदयालाच दाबतो, पीएडीएन धमनीकडच्या नसा तोडतं. दोन्ही एका पारड्यात कसे टाकता?

कॅथलॅब:
तोडतं म्हणता, पण किती तोडलं हे टेबलावर कळतं का? फुप्फुसाची मुख्य धमनी जिथे दुभागते तिथे, डाव्या फांदीच्या तोंडापाशी, कॅथेटरचं, म्हणजे आत सरकवलेल्या बारीक नळीचं, कडं टेकवून रेडिओफ्रिक्वेन्सीची उष्णता देतात. ताकद साधारण 10 वॅटच्या आत, प्रत्येक बिंदूला एक-दोन मिनिटं. रुग्ण छातीत कळ सांगू लागला की थांबायचं. नसा मात्र धमनीबाहेरच्या चरबीत असतात आणि त्यांची खोली माणसागणिक वेगळी. स्वरयंत्राकडे जाणारी डावी नसही तिथूनच जवळून जाते. तिला उष्णता लागली तर आवाज बसतो. मूत्रपिंडाच्या नसा जाळण्यात हाच घोळ झाला होता: आधीचे निकाल झकास, आणि 2014 मध्ये खोट्या प्रक्रियेच्या, म्हणजे नसा न जाळता फक्त तसं भासवलेल्या, गटाशी तुलना केल्यावर फरक उरला नाही.

आकडेमोड:
पीएडीएनचंही सुरुवातीला तसंच. 2013 चा नानजिंगचा पहिला अभ्यास: नसा जाळलेले 13 जण, फुप्फुसाच्या धमनीतला सरासरी दाब 55 वरून 36 मिमी पाऱ्यावर, चाल 324 वरून 491 मीटर. इतकी उडी पाहून शंका यायला हवी होती. तुलनेला होते ते प्रक्रिया नाकारणारे 8 जण. 2022 मध्ये खोट्या प्रक्रियेशी तुलना करत 128 रुग्णांवर नीट चाचणी झाली, तेव्हा चालीतला फरक सुमारे 34 मीटरवर आला.

उजवा_कप्पा:
34 मीटर म्हणजे शून्य नव्हे. आणि त्याच चाचणीत सहा महिन्यांत तब्येत ढासळलेले 1.6 टक्के, तर खोट्या प्रक्रियेच्या गटात 13.8.

आकडेमोड:
मान्य, पण दोन्ही गटांना औषध सिल्डेनाफिलच्याच वर्गातलं, तेही एकटं. आज बहुतेक नव्या रुग्णांना सुरुवातीलाच दोन औषधं एकत्र देतात. त्यांच्यावर पीएडीएनने काय भर पडते, हे त्या चाचणीतून कळत नाही.

कॅथलॅब:
तोवर फुकटची गोष्ट तरी करा. सहा मिनिटांची चाल संपताच रुग्णाला जागीच थांबवा, तेव्हाचा आणि एका मिनिटानंतरचा ठोका नोंदवा. पीएएचमध्ये घसरण 16 ठोक्यांपेक्षा कमी असेल तर पुढे बिघाडाची शक्यता जास्त. बोटं गार असली की बोटाला लावायचा ऑक्सिमीटर फसवतो, तेव्हा ईसीजीची पट्टी लावा. एएफ, म्हणजे हृदयाचा ठोका अनियमित असेल, पेसमेकर किंवा बीटा-ब्लॉकर चालू असेल, तर हा आकडा सोडून द्या.

आकडेमोड:
जरूर नोंदवा. फक्त पहिल्या मिनिटातली घसरण मुख्यतः व्हेगसच्या, म्हणजे ठोका मंदावणाऱ्या परासिंपथेटिक नसेच्या, हाती असते. म्हणजे तुमच्या हातातलं सगळ्यात स्वस्त मोजमाप परासिंपथेटिक बाजूचं आणि जाळायला निघालात सिंपथेटिक.