थिबा पॅलेसमध्ये थिबाचीच गोष्ट हवी की सगळ्या जिल्ह्याची?

भाट्येकर:
काल आमच्या ग्रुपवर यावरून बरंच वाजलं म्हणून इथे धागा काढतोय. रत्नागिरीच्या थिबा पॅलेसमधल्या प्रादेशिक संग्रहालयात सगळ्या जिल्ह्याचा वारसा मांडावा, कातळशिल्पं, मूर्ती, शेतीची अवजारं वगैरे, असं बऱ्याच जणांचं म्हणणं. मला हे अजिबात पटत नाही. जागा मोठी आहे म्हणून जे असेल ते आणून ठेवायला ते काय गोदाम आहे का? थिबा म्हणजे ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा, १८८५ ला मंडालेत इंग्रजांनी पकडला, १८८६ ला रत्नागिरीत आणून ठेवला आणि पॅलेस बांधून व्हायला १९१० उजाडलं, म्हणजे चोवीस वर्षं माणसाने दुसऱ्या बंगल्यांत काढली आणि हा महाल मिळाल्यावर सहाच वर्षांत, १९१६ ला गेला. आपण पॅलेस पॅलेस म्हणतो पण कैदच ती. त्या अर्धगोल लाकडी खिडकीपाशी उभं राहून खाडीकडे बघा, समोर एवढा मोकळा समुद्र आणि फाटकाबाहेर पडायचं तर साहेबाची परवानगी. तिथे नांगर नि पाटा-वरवंटा मांडलात की ते कोणाला जाणवणारच नाही.

सड्यावरचा:
दादा, तुमचं कळलं, पण राजाची गोष्ट मोठी आणि आमची लहान असं का? कशेळीला कातळात कोरलेला हत्ती १८ मीटरच्या आसपास आहे, २०२२ ला कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, आणि आमच्या शाळेतल्या निम्म्या पोरांनी त्यातलं एकही बघितलेलं नाही. पावसाळ्यात सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, गवत वाढलं की पायाखाली काय आहे तेच समजत नाही. शहरात एक जागा पाहिजे जिथे फोटो, नकाशे बघून पोरं मग कातळावर जातील. सहली पॅलेसला येतातच.

भाट्येकर:
हत्ती काही सड्यावरून उचलून आणता येणार नाही. मग फोटो लावायला हीच वास्तू कशाला? कशेळीत नाहीतर उक्षीत साधी इमारत बांधा, चार पैसे त्या गावाला मिळतील.

सड्यावरचा:
आणि ती बांधेपर्यंत आणखी एक पिढी जाईल. उभी इमारत आहे ती वापरा ना.

माहेरवाशीण:
दोघांचंही मला अर्धंच पटतं. राजाची की आमची असं तोडता कसं येईल? थोरल्या राजकन्येला घरच्याच दरवानापासून मुलगी झाली, दरवान आपल्याकडचा, सावंत. ती थिबाची नात रत्नागिरीतच वाढली, मराठी बोलायची, गरिबीत संसार केला आणि २००० साली इथेच गेली. ती बाई ब्रह्मदेशाची की रत्नागिरीची, सांगा बघू! पॅलेसमध्ये मला तिच्यासाठी एक खोली हवी, राजाच्या खुर्चीएवढीच जागा तिला द्या. आणि सगळंच एका छपराखाली घालायची मला फार भीती वाटते. दुसऱ्या एका जिल्ह्यात एका जुन्या वाड्याचं संग्रहालय केलंय, बघायला गेले होते. माजघरात भिंतीवर दिव्याच्या कोनाड्यापासून वर वर गेलेला काजळीचा काळा पट्टा मी लहानपणी बघितला होता, तो रंग मारून घालवलाय आणि तिथे काचेच्या पेटीत चार तलवारी. कोणाचं घर, त्या कोनाड्याशी कोण बसायचं, काही पत्ता नाही. मला रडू आलं खरंच.

सड्यावरचा:
ताई, नातीचं शंभर टक्के मान्य, याच्यासाठी तर मी पोरांना स्वतः घेऊन येईन. काजळीचं पण पटलं. पण खाली एक दालन कातळशिल्पांना द्या, भिंतीला खिळा पण नको, सुट्या स्टँडवर लावू. एवढं तरी मागणारच मी.

भाट्येकर:
खाली एक दालन, भिंतीला हात न लावता, चालेल. वरच्या खिडकीसमोर मात्र काहीही ठेवायचं नाही, साधं बाकडंसुद्धा नको.