१९६५ : पोरबंदरची ‘ती’ रेघ नकाशावर कुठे मारायची?

ऐरोलीकर
४ डिसेंबरला, नौदल दिनानिमित्त, वाशीत छोटं प्रदर्शन आहे. ६५ च्या युद्धात सरकारने नौदलाला घातलेली मर्यादा तक्त्यावर दाखवायची आहे : मुंबईपासून २०० मैलांपलीकडे नको, पोरबंदरच्या अक्षांशाच्या उत्तरेला नको. रेघ नेमकी कुठे? आणि शेजारच्या मजकुरात चूक कोणाची लिहू, सरकारची की तेव्हाचे नौदलप्रमुख व्हाइस अ‍ॅडमिरल सोमण यांची?

कोपरी_खाडी
रेघ २१ अंश ३८ मिनिटांवर. द्वारका २२-१४, ओखा २२-२८, कराची २४-५१. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, त्यामुळे द्वारका रेघेच्या ३६ मैल वर, कराची १९३. आपलं ठाणे शहर १९-१२ वर, म्हणजे रेघ इथून जेमतेम १४६ मैल उत्तरेला.

मुंबईभोवती २०० मैलांचं वर्तुळ काढताना दोन चुका हमखास होतात. एक, २०० किलोमीटर धरतात (सागरी मैल १.८५२ किमीचा, म्हणजे ३७० हवेत). दुसरी, कंपास खालच्या रेखांशाच्या पट्टीवर लावतात. अंतर नेहमी कडेच्या अक्षांशाच्या पट्टीवरून घ्यायचं, तेही जिथे मोजताय त्याच उंचीला. सागरी मैल धरून नीट काढलंत तर गंमत दिसेल : वर्तुळ पोरबंदरपर्यंत पोचतच नाही, ते साधारण २४० मैलांवर आहे. पश्चिमेच्या खुल्या समुद्रात दुसऱ्या अटीची वेळच येत नाही! सोमण का चिडले ते सांगायला वेगळा मजकूर कशाला, तक्ताच सांगेल.

घोडबंदर_रोड
चिडण्याचं कारण बरोबर, पण सरकारला खुळ्यात काढू नका. विमानवाहू विक्रांत मुंबईत दुरुस्तीसाठी गोदीत. पाकिस्तानकडे गाझी पाणबुडी, आपल्याकडे एकही नाही. पहिली पाणबुडी, कलवरी, नौदलात दाखल झाली १९६७ ला. शिवाय इंडोनेशियामुळे अंदमान-निकोबारची काळजी. लढाई जमिनीवरच आटपावी, असा दिल्लीचा कल होता. सोमणांनी विरोध नोंदवला, आदेश बदलला नाही. संरक्षणमंत्री यशवंतराव, नौदलप्रमुख सोमण; दोन्हीकडे आपलीच माणसं, त्यामुळे इथे वाद रंगणारच.

आणखी एक. ७-८ सप्टेंबरच्या रात्री पाकिस्तानच्या सात युद्धनौकांनी द्वारकेवर तोफा डागल्या, तेव्हा ‘रेघेच्या वर आपलं जहाजच नव्हतं’ असं लिहू नका. आपली युद्धनौका तलवार ओख्याला होती, कंडेन्सरच्या दुरुस्तीत अडकलेली. कंडेन्सर म्हणजे वापरलेली वाफ थंड करून पुन्हा पाणी करणारं यंत्र; तो गळला की खारं पाणी बॉयलरच्या पाण्यात जातं. तशा अवस्थेत वाफ वाढवून पाठलाग करायचा म्हणजे बॉयलरच्या नळ्या गमवायच्या.

कोपरी_खाडी
मान्य. पण मग १९७१ चा कोपरा तक्त्यावर हवाच. तेव्हाचे नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल नंदा यांनी युद्धाआधीच इंदिरा गांधींना विचारून घेतलं की कराचीवर हल्ला केला तर राजकीय अडचण आहे का. उत्तराचा आशय : युद्ध म्हणजे युद्ध. सोमणांना नकार युद्ध पेटल्यावर मिळाला, नंदांनी होकार आधी खिशात घातला. त्यामुळे तयारीला वेळ मिळाला. क्षेपणास्त्र नौका लहान, इंधन कमी, म्हणून त्यांना कराचीच्या जवळपासपर्यंत नेण्याची सोय आधी बसवावी लागली. ४-५ डिसेंबरच्या रात्री निर्घात, निपात, वीर या तिघी गेल्या. किल्तन आणि कच्छल या युद्धनौका सोबतीला. तिघींपैकी प्रत्येकीवर चार क्षेपणास्त्रं, मारा साधारण ४० किमी.

ऐरोलीकर
म्हणजे ‘चूक कोणाची’ हा रकाना काढतो. ६५ ची रेघ लाल, ७१ चा मार्ग निळा, दोन्ही एकाच नकाशावर.

घोडबंदर_रोड
चालेल. निळा मार्ग लाल रेघेला जिथे छेदतो तिथे २१-३८ हा आकडा मोठा लिहा. आणि द्वारका-ओखा एकाच ठिपक्यात कोंबू नका, मधे १४ मिनिटं आहेत.