पोर्ट फॉरवर्ड करूनही साइट बाहेरून उघडत नसेल तर

घरच्या सर्व्हरवरची साइट बाहेरून उघडावी म्हणून 'राउटरवर ८० आणि ४४३ पोर्ट फॉरवर्ड करा (म्हणजे त्या पोर्टवर आलेली रिक्वेस्ट सर्व्हरकडे वळवा), की झालं' असं सुचवतात. ते बरोबर आहे, पण राउटरला पब्लिक आयपी (इंटरनेटवरून थेट पोचता येईल असा पत्ता) मिळाला असेल तरच. घरगुती फायबरवर तो बऱ्याचदा मिळतच नाही. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता) बघा. १००.६४ ते १००.१२७ यांतल्या कशाने तो सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे इंटरनेट कंपनी एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटून देतेय (आकड्यांचा हा पट्टा २०१२ साली खास याच कामासाठी राखून ठेवला गेला). काही ठिकाणी १० ने सुरू होणारा आयपीही देतात, म्हणून 'माझा आयपी' दाखवणाऱ्या साइटवरच्या आकड्याशी ताडून बघणं जास्त खात्रीचं. जुळत नसेल तर एंजिनएक्सची (वेब सर्व्हरची) कॉन्फिग फाइल रात्रभर चाळून काही हाती लागणार नाही, रिक्वेस्ट तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाहीये. आणि साइट बाहेरून उघडते का याची तपासणी मोबाइल डेटावरून करा, घरच्या वायफायवरून नको.

मी स्टॅटिक (कायमच्या) आयपीचे पैसे न भरता छोटा व्हीपीएस (पब्लिक आयपी असलेला भाड्याचा सर्व्हर) घेऊन तिथून घरापर्यंत वायरगार्ड या व्हीपीएनचा टनेल टाकला. नुसत्या आयपीव्ही६ या नव्या प्रकारच्या पत्त्यावरही भागतं, पण ज्यांच्याकडे फक्त जुना आयपीव्ही४ आहे त्यांना साइट दिसत नाही. लेट्स एन्क्रिप्टचं (एचटीटीपीएससाठी लागणारं मोफत) सर्टिफिकेट अडलं असेल तर डीएनएस चॅलेंज वापरा, म्हणजे डोमेन तुमचंच आहे हे डीएनएसमधून सिद्ध करा. त्याला टीएक्सटी रेकॉर्ड (डोमेनच्या डीएनएसमधली मजकुराची नोंद) पुरतो, ८० पोर्ट उघडा असण्याची गरजच नाही.