नाणं घ्यायचं की चिठ्ठी? स्लॅबवरच्या खास लेबलांबद्दल

नाणेघाटकर

एकाच सालची दोन अमेरिकन चांदीची नाणी, सिल्व्हर ईगल, दोन्ही एमएस ७० (न वापरलेल्या नाण्याची सर्वांत वरची ग्रेड). एकाच्या स्लॅबमध्ये, म्हणजे सीलबंद प्लास्टिकच्या डबीत, साधं लेबल, दुसऱ्याच्यात झेंड्याचं रंगीत लेबल आणि वर ठळक 'फर्स्ट स्ट्राइक'. चांदी दोघांतही एक ट्रॉय औंस, म्हणजे ३१.१ ग्रॅमच. तरी दुसऱ्याचे जास्त पैसे मागतात आणि घेणारे खुशीने देतात. माझं मत आधीच सांगतो: ते जास्तीचे पैसे चिठ्ठीचे.

नवीन मंडळींसाठी: पीसीजीएस (१९८६ पासून) आणि एनजीसी (१९८७) या अमेरिकन कंपन्या नाणं तपासतात, १ ते ७० मध्ये ग्रेड देतात आणि प्लास्टिकच्या डबीत बंद करतात. अस्सलपणा कळतो, दर्जा कळतो. याबद्दल माझी तक्रार नाही.

पण 'फर्स्ट स्ट्राइक' वाचून कोणालाही वाटणार की कोऱ्या करकरीत डायवर (नाण्याच्या ठशावर) पहिल्यांदा पाडलेलं नाणं. खरा अर्थ एवढाच की विक्री सुरू झाल्यावर पहिल्या ३० दिवसांत ते कंपनीकडे पोचलं, किंवा त्या मुदतीत टांकसाळीतून निघाल्याचा पुरावा असलेल्या सीलबंद खोक्यातून आलं. एनजीसी 'अर्ली रिलीजेस' म्हणते, ते निदान सरळ नाव. खुद्द यूएस मिंटने, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी टांकसाळीने सांगून टाकलंय की नाणी कोणत्या क्रमाने पाडली याची नोंद आम्ही ठेवत नाही. २०१५ मध्ये हे बुलियन ईगल (धातूच्या भावावर विकले जाणारे) ४ कोटी ७० लाख पाडले. एवढ्या नाण्यांसाठी डाय किती वेळा बदलल्या असतील! ऑक्टोबरातलं नाणंही कोऱ्या डायवरचं असू शकतं आणि जानेवारीतलं झिजलेल्या.

हडसनकाठचा

चांदीच तोलायची असेल तर सराफाकडे जा की राव, ईगल कशाला घेता?

मी न्यू जर्सीत राहतो आणि माझ्याकडे जॉन मर्कँटींच्या सहीचं लेबल असलेला ईगल आहे. १९८६ पासून २०२१ पर्यंत ईगलच्या मागच्या बाजूला जो गरुड होता, तो त्यांचा. ज्याने चित्र घडवलं त्याने स्वतःच्या हाताने सही केलेला कागद त्याच नाण्याबरोबर बंद आहे. याला अर्थ नाही म्हणता? पुढच्या बाजूची लिबर्टी शिल्पकार वाइनमन यांची, १९१६ सालची. ते १९५२ मध्येच गेले, त्यांची सही आता कोण आणून देणार?

दुसरं. ऑगस्ट २०१४ मध्ये केनेडी हाफ डॉलरच्या पन्नाशीनिमित्त सोन्याचं नाणं निघालं, पाऊण औंस, सुरुवातीची किंमत १,२४० डॉलर. शिकागोजवळच्या नाणे प्रदर्शनात, डेन्व्हरमध्ये, वॉशिंग्टनमध्ये रांगाच रांगा. इतकी गर्दी की सुरक्षेचं कारण देऊन मिंटला काउंटरवरची विक्री मुदतीआधी थांबवावी लागली. त्या प्रदर्शनाचं लेबल म्हणजे त्या दिवसाची आठवण. आठवणीला किंमत देणं हा गुन्हा आहे का?

खुर्दा

सही फ्रेम करून भिंतीवर लावा. नाण्याला कशाला मध्ये घेता?

टांकसाळ्या

हडसनकाठचे, केनेडीचं उदाहरण तुम्ही काढलंत ते बरं झालं. ती सगळी सोन्याची नाणी वेस्ट पॉइंटच्या टांकसाळीत पडली, प्रत्येकावर 'डब्ल्यू' आहे. शिकागोचं लेबल असो वा डेन्व्हरचं, ते नाणं कुठे विकलं एवढंच सांगतं. शिवाय संख्येची मर्यादाही नव्हती. मागणी येईल तसं मिंट पाडत होतं आणि घरबसल्या मागवताही येत होतं. रांगेत भाड्याची माणसं उभी करून व्यापाऱ्यांनी लेबलं मिळवली. ती आठवण तुमची की त्यांची?

आणखी एक गोम आहे. पीसीजीएसमध्ये 'फर्स्ट स्ट्राइक'ची मोजणी वेगळी होते. म्हणजे एकाच नाण्याचे दोन कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यात आकडा कमी. मग विकणारा छाती फुगवून म्हणतो, "पॉप (त्या ग्रेडच्या नाण्यांची नोंदलेली संख्या) किती कमी आहे बघा!"

अधेली

सगळे जण आधुनिक बुलियनवरच घसरलात. लेबल म्हणजे फक्त रंगीत चित्र असं धरून चाललात, ते मला पटत नाही. मी ब्रिटिश इंडिया आणि कंपनी सरकारची नाणी जमवते.

ॲडमिरल गार्डनर हे ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज. बर्मिंगहॅमच्या सोहो टांकसाळीत मद्रास इलाख्यासाठी पाडलेली १८०८ सालची १० आणि २० कॅशची (कॅश हे तिकडचं लहान चलन) तांब्याची नाणी घेऊन निघालं आणि जानेवारी १८०९ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ गुडविन सँड्सवर बुडालं. १९८० च्या दशकात ती नाणी वर काढली. मद्रासच्या बाजारात कधी पोचलीच नाहीत, त्यामुळे हाताळून झिजलेली नाहीत. पण समुद्राने तांबं खाल्लेलं. स्लॅबवर जहाजाचं नाव असेल तर तो पृष्ठभाग असा का, हे कळतं. डबी फोडून नाणं बाहेर काढा आणि लेबल फेकून द्या: चार व्यवहारांनंतर कोणी सांगू शकेल का की हे त्या जहाजावरचं आहे?

आणि जुनी लेबलं? पीसीजीएसचा सुरुवातीचा खुळखुळणारा 'रॅटलर' स्लॅब, एनजीसीचा पहिला काळा. त्या काळी ग्रेड हात आखडून देत, असा समज आहे, म्हणून लोक जास्त मोजतात. ते डबीसकट नाणं पारखणं झालं.

टांकसाळ्या

ताई, 'रीस्ट्राइक' हे तर तुम्ही विसरलात! मुंबई टांकसाळीने ब्रिटिश काळातल्या नाण्यांचे प्रूफ (खास चकचकीत पाडलेले नमुने) संग्राहकांसाठी नंतर पुन्हा पाडले. लेबलवर तो शब्द असणं आणि नसणं यात किमतीचं केवढं अंतर पडतं ते तुम्हाला सांगायला नको. पण ती नाण्याची ओळख आहे, खास लेबल नव्हे. जहाजाचं नावही मी त्याच रकान्यात घालतो.

खरं तर हे नाण्यावरच असावं. एसएस गैरसोप्पा कलकत्त्याहून चांदी घेऊन निघालेलं, फेब्रुवारी १९४१ मध्ये जर्मन पाणबुडीने बुडवलं. ती चांदी वर काढल्यावर रॉयल मिंटने त्यातून पाव औंसाची नाणी पाडली आणि जहाजाचं नाव कडेवर कोरलं. लेबल हरवलं तरी बिघडत नाही.

अधेली

आणि स्लॅबमध्ये नेमकी कडच धड दिसत नाही! पुन्हा लेबलच वाचायचं.

नाणेघाटकर

अधेली ताईंच्या गार्डनरबद्दल वाद नाही. तिथे लेबल जे सांगतं ते नाण्याच्या इतिहासात घडलेलं आहे. माझा राग आहे तो नाण्याबाबत काहीच न घडता छापलेल्या लेबलांवर. झेंडा, गरुड, सोनेरी किनार, 'पहिला दिवस'. यातलं बरंचसं थोडी फी भरून डबी बदलून घेतली की निघून जातं आणि नाणं जसंच्या तसं राहतं.

कोणाचं तरी मत जास्त हवंच असेल तर सीएसी या अमेरिकन कंपनीचा हिरवा स्टिकर बघा. एनजीसीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या जॉन अल्बनीज यांनी २००७ मध्ये ते सुरू केलं. स्लॅबमधलं नाणं पुन्हा पाहून, त्या ग्रेडला ते भक्कम आहे की कसंबसं बसलंय, एवढंच ते सांगतात. स्टिकर दिसायला अगदीच सामान्य, पण नाणं बघून लावलेला. 'फर्स्ट स्ट्राइक'साठी बघावी लागते फक्त तारीख.

हडसनकाठचा

सीएसीवालेही माणसंच आहेत, त्यांचं मतही मतच. तुम्हाला त्यांच्या नजरेला पैसे द्यावेसे वाटतात, मला मर्कँटींच्या सहीला. फरक एवढाच की माझी सही खोटी ठरली तर तपासता येते. नाणं 'भक्कम' आहे हे कशाने तपासणार?

विकताना तोटा होईल म्हणाल, तर होऊ दे. मी विकायला घेतलेलं नाही.

खुर्दा

तुमच्यानंतर पोरं विकतील. पुण्या-मुंबईतला दुकानदार आधी चांदीचा भाव बघेल, मग ग्रेड. मर्कँटी कोण हे त्याला माहीत असलं तर मी पेढे वाटीन.

कवडीमोल

मध्येच विचारतो. भाची अमेरिकेत, डिसेंबरात इकडे येतेय, तेव्हा बाळाचं बारसं करायचंय. यंदाच्या सालचा ईगल तिकडूनच मागवू म्हणतोय. एमएस ७० फर्स्ट स्ट्राइक घ्यायला सांगू का?

नाणेघाटकर

साधा, बिनस्लॅबचा घ्या. उरलेल्या पैशांत आणखी एखादा येतो का बघा.

हडसनकाठचा

बिनस्लॅबचा नको हो, बारशाला दहा हात लागणार त्याला. स्लॅबचाच सांगा, साध्या लेबलचा, एमएस ६९ सुद्धा चालेल. सहीवाला मोठेपणी त्याचा तो घेईल.