उपरा, परका, तुटक, पोरका : चौघांना एकच शब्द कसा पुरेल?

भाचीने परवा तिच्या कॉलेजसाठी लिहिलेलं टिपण वाचायला पाठवलं. विषय होता मराठी कादंबरी, नाटक आणि सिनेमातली कुठेच न रुळणारी माणसं. पोरीने मनापासून लिहिलंय. पण तिच्या लेखी ‘कोसला’ कादंबरीतला पांडुरंग सांगवीकर उपरा, ‘फँड्री’ सिनेमातला जब्या उपरा, ‘नटसम्राट’ नाटकातले अप्पा बेलवलकर उपरे आणि तेंडुलकरांच्या नाटकातला सखाराम बाइंडरही उपराच. मी म्हटलं, “अगं, ही चार माणसं एका शब्दात मावत नाहीत.” त्यावर ती म्हणाली, “मावशी, अर्थ तोच ना? ज्याला कुठेच आपलं वाटत नाही तो.” फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते.

‘उपरा’ आज आपण मनाच्या अवस्थेला लावतो, पण या शब्दाला मातीचा वास आहे. त्याचा सख्खा भाऊ ‘उपरी’ हा सरळ शेतसाऱ्याच्या कागदांतला शब्द. पेशवाईत आणि इंग्रजी अमलाच्या सुरुवातीला देशावरच्या गावांत कसणाऱ्यांचे ठळक दोन प्रकार होते : मिरासदार आणि उपरी. मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क. दुष्काळात गाव सोडून गेला, वर्षांनी परतला, तरी तो आपली जमीन मागू शकत असे. उपरी मात्र ठरावीक मुदतीच्या बोलीवर कसायचा. गावात राहायचा, राबायचा, पण गावाचा नव्हे. मला यातली गोम अशी दिसते की मिरासदार गैरहजर असूनही गावचा असतो आणि उपरी हजर असूनही नसतो.

आता हे माप लावून बघा. लक्ष्मण माने यांनी १९८०मध्ये आलेल्या आत्मकथनाला ‘उपरा’ हे नाव दिलं, ते या अर्थाने काट्यावर तोलल्यासारखं बरोबर आहे. पाठीवर बिऱ्हाड घेऊन गावोगाव फिरणाऱ्या कैकाडी समाजाची ती कहाणी. आणि २०१३च्या ‘फँड्री’चं नावही कैकाडी बोलीतलंच, अर्थ डुक्कर. जब्या गावातच वाढतो, गावच्याच शाळेत जातो, वर्गातल्या शालूकडे बघत बसतो. पण गावात डुक्कर धरायची वेळ आली की हाक त्याच्याच घराला. त्या प्रसंगात शाळेतली पोरं बघताहेत म्हणून जब्या लपतो. बाप पळतोय, आई पळतेय, बहिणी पळताहेत आणि हा आडोशाला अंग चोरून बसलाय. जब्याचा दोष म्हणायचाच तर हाच, की त्याला आपल्याच माणसांची लाज वाटते. पण ती लाज गावाने त्याच्यात पेरलीय. उपरा कुणी स्वतः होत नाही, त्याला इतर लोक उपरा ठरवतात. जब्याला हा शब्द लावताना माझा हात अडखळत नाही.

पांडुरंगाला मात्र लावताना अडखळतो. १९६३ची ‘कोसला’ पुन्हा काढून वाचा. सांगवीत बापाचं घर आहे, शेती आहे, पैसा आहे. पुण्याला जातो, हॉस्टेल, मेस, गॅदरिंग, सगळ्यात पडतो, परीक्षेत गटांगळ्या खातो आणि परत सांगवीला येतो. परत येता येतं, हेच तर मिरासदाराचं लक्षण! बापाशी पटत नाही ती गोष्ट वेगळी. त्याच्यासाठी माझ्या मते नेमका शब्द ‘तुटक’.

इथे थोडं रेंगाळते, कारण या शब्दावर माझा फार जीव आहे. तुटकी चप्पल, तुटलेला धागा आणि तुटक माणूस. धातू एकच, पण पहिल्या दोघांच्या बाबतीत काहीतरी घडून गेलंय. तिसरा मात्र रोज, प्रत्येक वाक्यात, स्वतःच तोडत असतो. पांडुरंग आपलं वय सांगतानासुद्धा ‘उदाहरणार्थ’ म्हणतो, आणि त्याचं ‘वगैरे’ तर सगळ्यांना माहीत आहे. मन जरा कुठे गुंतायला लागलं की ‘वगैरे’ म्हणून तो मागे सरतो. मग त्याची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते, आणि त्या पानांवर कळतं की हा माणूस किती आतून बांधलेला होता. एरवीचं त्याचं तुटकपण म्हणजे लागू नये म्हणून घेतलेली खबरदारी आहे. ‘उपरा’ म्हटलं की हे सगळं हातचं निसटतं, कारण मग दोष जगाचा होतो आणि पांडुरंग नुसता बिचारा उरतो.

‘परका’ याहून वेगळा. त्याला गाव लागत नाही, दोन माणसं पुरतात. “मला परकं करू नकोस” असं आपण एकाच माणसाला म्हणतो. आणि परकेपणा मराठीत व्याकरणातच बसलाय. आपल्याकडे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत, एकात समोरचा नसतो, दुसऱ्यात असतो. माझं लग्न झालं तेव्हा सासूबाई मला सांगत, “आमच्याकडे आमटीत गूळ घालतात.” बोलणं प्रेमाचंच, पण त्या ‘आमच्या’त मी नव्हते. मी त्यांच्या चुलीपुढे उभी राहून गूळ चिरत होते, तरी नव्हते. पुढे एकदा शेजारच्या काकू आल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून सासूबाई त्यांना तेच वाक्य म्हणाल्या. शब्द तोच, ‘आमच्याकडे’. पण ऐकणारं माणूस बदललं आणि मी आत आले. कादंबरी वाचताना कोण कुणाला ‘आम्ही’ म्हणतं आणि ‘आपण’ कधी येतं, एवढंच जरी भाचीने पेन्सिलीने खुणावलं तरी निम्मं टिपण तयार होईल.

सखाराम बाइंडरला या चारातला कुठलाच शब्द मला चालवता येत नाही. १९७२चं तेंडुलकरांचं हे नाटक. नवऱ्याने टाकलेल्या बायका हा घरी आणतो आणि पहिल्याच दिवशी अटी सांगतो. पटलं तर राहा, नाही तर वाट मोकळी. त्याच्याकडे ‘संबंध’ आहे, ‘नातं’ नाही. क्रियापदं बघा : संबंध आपण ठेवतो, तोडतो. नातं जडतं, आणि माणूस कुणाचा तरी कोण ‘लागतो’. “ती तुझी कोण लागते?” या प्रश्नाला त्या घरात उत्तर नाही, आणि ते नाही याचाच सखारामला अभिमान आहे. लक्ष्मी आणि चंपा या त्याने आणलेल्या दोघी एका छपराखाली आल्यावर ज्या गोष्टी ठरावात नव्हत्या त्या सगळ्या जागतात, मत्सर, हक्क, भक्ती, आणि शेवट चंपाच्या खुनात होतो. अशा माणसाला ‘निःसंग’ म्हणावं का? मला तो शब्द फार सोज्ज्वळ वाटतो.

आणि अप्पा बेलवलकर. १९७०चं ‘नटसम्राट’. त्यांनी आपली मिरास स्वतःच्या हाताने पोरांना वाटून टाकली, त्यामुळे उपरे ते नव्हेतच. त्यांचा मोठा आवाज, शिव्या, रंगमंचावरचा रुबाब घरातही मिरवण्याची सवय, या सगळ्याचा घरातल्यांना जाच होतो हे मान्य करायला हवं. मुलगा आणि मुलगी, दोघांच्या घरी मान उरत नाही तेव्हाही ते पोरके नसतात, कारण बरोबर कावेरी असते, त्यांचं ‘सरकार’. ती जाते तेव्हा होतात. पोरका व्हायला आधी कुणीतरी धरून ठेवलेलं असावं लागतं. शब्द पोरांचा, पण तो या म्हाताऱ्या बापाला जितका शोभतो तितका मी दुसरीकडे पाहिला नाही. म्हणूनच रस्त्यावर बूटपॉलिश करणारा राजा नावाचा पोरगा त्यांना जवळ करतो ते बघताना घशाशी येतं.

भाचीला हे पाठवतेच आहे. मात्र सखारामपाशी माझं अडलंय. संबंध ठेवतो पण कुणाचा काही लागत नाही, अशा माणसाला तुमच्या भागात, वऱ्हाडात, खानदेशात, कोकणात, काही नेमका शब्द आहे का? म्हातारी माणसं वापरतात तो सांगा, वाक्यासकट सांगितलात तर फार बरं.