टेस्टोस्टेरॉन कमी आलंय आणि मूलही हवंय, इंजेक्शन घ्यावं का?

रानवाट: वय ३४. सतत थकवा आणि इच्छा कमी, म्हणून रक्त तपासलं. टेस्टोस्टेरॉन मर्यादेच्या खाली आलं. वृषणांना चालना देणारी एलएच आणि एफएसएच ही हॉर्मोन्स नॉर्मलमध्ये आहेत, पण अगदी तळाशी. वजन बरंच वाढलंय. आम्ही बाळासाठी प्रयत्न करतोय. व्यायामशाळेतल्या एकांनी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं सुचवली, पण त्याने शुक्राणू कमी होतात असंही वाचलं. पुरुषाचंच हॉर्मोन देऊन असं का व्हावं? इंजेक्शन घ्यावं का आणि कोणाला दाखवावं? जाणकारांनी कृपया सांगावं.

पिंपळपान: व्यायामशाळेतल्या सल्ल्यावर तर अजिबात नको. माझ्या भावाने तिथूनच घेतली होती. बंद केल्यावरही वीर्याचा रिपोर्ट सुधारायला वर्षाच्या वर गेलं, घरात सगळ्यांचाच जीव टांगणीला लागला होता.

शिकवणारी: रानवाट, बाळाचा विचार आहे तोवर इंजेक्शन घेऊ नका. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते, म्हणून कारण जरा सविस्तर लिहिते. ते एकदा समजलं की कोणी कितीही आग्रह केला तरी तुम्ही ठाम राहाल.

मेंदूतला हायपोथॅलॅमस साधारण दीड-दोन तासांच्या अंतराने जीएनआरएच हे हॉर्मोन थोडं थोडं सोडतो. त्यामुळे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून एलएच आणि एफएसएच रक्तात येतात. एलएचमुळे वृषणातल्या लायडिग पेशी टेस्टोस्टेरॉन बनवतात, तर एफएसएच शुक्राणूंना पोसणाऱ्या सर्टोली पेशींना कामाला लावतं. टेस्टोस्टेरॉन पुरेसं झालं की तेच वर जाऊन जीएनआरएच कमी करायला लावतं. हे टेस्टोस्टेरॉन वृषणातलं की सुईतलं, हे मेंदूला कळत नाही. म्हणून इंजेक्शन घेतलं की एलएच आणि एफएसएच दोन्ही पडतात.

आता खरी मेख. शुक्राणू तयार व्हायला वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉन रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त लागतं. इंजेक्शनने रिपोर्टवरचा आकडा चढतो आणि आतलं प्रमाण कोसळतं. पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने हेच वापरून पाहिलं होतं. दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनान्थेट दिलं, आणि १९९० साली आलेल्या निष्कर्षांत निम्म्याहून जास्त पुरुषांच्या वीर्यात एकही शुक्राणू उरला नव्हता.

रानवाट: बापरे! इतकं कोणीच सांगितलं नव्हतं. पण मी तर अजून काहीच घेतलेलं नाही. मग माझं एलएच आधीच तळाशी का?

शिकवणारी: त्यात वजनाचा हात असू शकतो. टेस्टोस्टेरॉनचा काही भाग अ‍ॅरोमॅटेज हे एन्झाइम इस्ट्राडायोलमध्ये, म्हणजे मुख्य इस्ट्रोजेनमध्ये, बदलतं, आणि चरबीत हे एन्झाइम भरपूर असतं. पुरुषांमध्येही मेंदूला आणि पिट्युटरीला आवर घालण्यात इस्ट्राडायोलचा वाटा फार मोठा आहे. १९९४ मध्ये २८ वर्षांच्या एका पुरुषाची नोंद प्रसिद्ध झाली. त्याच्या शरीरात इस्ट्रोजेनचा निरोप पेशीत घेणारा रिसेप्टरच चालत नव्हता. टेस्टोस्टेरॉन नॉर्मल, तरी एलएच आणि एफएसएच वाढलेले, हाडं विरळ आणि उंची वाढतच चाललेली! मला ही नोंद दरवर्षी शिकवताना तितकीच विलक्षण वाटते.

इस्ट्राडायोलचा हा आवर घालणारा निरोप जीएनआरएचच्या पेशींपर्यंत मुख्यतः किसपेप्टिन हा संदेशवाहक रेणू सोडणाऱ्या मेंदूतल्या पेशींमार्फत पोचतो. किसपेप्टिनचा रिसेप्टर निकामी असेल तर मूल वयातच येत नाही, हे २००३ मध्ये समजलं. एफएसएचला आणखी एक वेगळा लगाम आहे, सर्टोली पेशींतून येणारं इनहिबिन बी हे हॉर्मोन. म्हणून एलएच ठीक पण एफएसएच चढलेलं असेल तर शुक्राणूनिर्मितीतच अडचण असल्याची शंका घेतात.

एक लक्षात घ्या, लठ्ठपणात एसएचबीजी हे रक्तात टेस्टोस्टेरॉन वाहून नेणारं प्रथिन घटतं. त्यामुळे एकूण टेस्टोस्टेरॉन कमी दिसलं तरी प्रथिनाला न चिकटलेलं, मोकळं टेस्टोस्टेरॉन तितकं कमी नसतंही.

उंबरठा: मी डॉक्टरांच्या देखरेखीखाली टेस्टोस्टेरॉन घेतो आणि मला खूप फरक पडला. पण माझं एलएच खूप वर होतं, म्हणजे मेंदू हुकूम देत होता आणि वृषणं साथ देत नव्हती. तुमचं चित्र उलट आहे, म्हणून माझ्यावरून ठरवू नका.

सावरीचाकापूस: माझ्या रोजच्या कामातला विषय आहे, म्हणून लिहितो. आधी टेस्टोस्टेरॉन पुन्हा तपासा, सकाळी लवकर आणि उपाशीपोटी. एलएच झटक्याझटक्याने येतं, त्यामुळे एका रिपोर्टवर भिस्त नको. सोबत एसएचबीजी, प्रोलॅक्टिन, थायरॉइड आणि वीर्यतपासणी करा. प्रोलॅक्टिन हे पिट्युटरीतलंच हॉर्मोन मुद्दाम सांगतोय, ते वाढलं तर जीएनआरएच दबतं आणि कारण पिट्युटरीतली गाठही असू शकते. मग एमआरआय लागतो. अफूवर्गातली वेदनाशामकं किंवा स्टेरॉइड घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. दाखवा एंडोक्रायनॉलॉजिस्टना (हॉर्मोनतज्ज्ञ) किंवा अँड्रॉलॉजिस्टना (पुरुष प्रजननतज्ज्ञ), आणि मूल हवंय हे पहिल्याच वाक्यात सांगा, कारण औषधाची निवड त्यावरच फिरते.

रानवाट: इंजेक्शनाऐवजी गोळी असते का?

सावरीचाकापूस: क्लोमिफीन आहे. ते मेंदूतले इस्ट्रोजेनचे रिसेप्टर अडवतं, त्यामुळे एलएच आणि एफएसएच वाढतात आणि टेस्टोस्टेरॉन तुमच्याच वृषणात तयार होतं. काहींना एचसीजी या हॉर्मोनची इंजेक्शनं देतात, ती एलएचसारखं काम करतात. दोन्ही सगळ्यांना चालत नाहीत, स्वतःहून घेऊ नका. वजन मात्र आजपासूनच उतरवायला घ्या, त्याने टेस्टोस्टेरॉन आपोआप वर आलेलं मी अनेकांत पाहिलंय. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, म्हणून काहीही सुरू केलंत तरी वीर्य तीन महिन्यांनीच पुन्हा तपासा.