मदत हवी आहे: पहिले ५ लाख भरभर, मग इम्पोर्ट रांगतोय (मायएसक्यूएल ८.०)

नमस्कार मंडळी,

एका दूध संघाचं ८ वर्षांचं संकलन जुन्या सॉफ्टवेअरमधून मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये आणतोय. सभासद, तारीख, सकाळ-संध्याकाळ, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ), दर. दूध दोन वेळचं, त्यामुळे सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या फाइलीत) पावणेदोन कोटी ओळी.

पहिल्या ५ लाख ओळी चार मिनिटांत गेल्या. मग वेग उतरत उतरत सेकंदाला २००वर आला. रात्री लावून झोपलो, सकाळी बघतो तर निम्मंही नाही!

आधी ऑटोकमिट, म्हणजे प्रत्येक इन्सर्ट लगेच डिस्कवर पक्का करणं, चालू राहिला होता (कान पकडले). तो बंद करून हजार-हजार ओळींचे इन्सर्ट केले, लोड डेटा (अख्खी फाइल थेट टेबलात भरणारी कमांड)ही वापरून पाहिलं. सुरुवात सुसाट, पण साधारण त्याच ठिकाणी गाडी अडते. सीपीयू निवांत, डिस्क १०० टक्के.

प्रायमरी की (प्रत्येक ओळीची ओळख) यूयूआयडी, म्हणजे कुठेही बनवला तरी दुसऱ्याशी न जुळणारा लांबलचक क्रमांक, कॅर(३६) म्हणून ३६ अक्षरांत साठवलेला. पावती मोबाइलवर ऑफलाइन बनते, म्हणून ती सोडता येत नाही. शिवाय दोन इंडेक्स (शोध जलद करणाऱ्या सूची) आणि सभासद टेबलाची फॉरेन की (पावतीतला सभासद त्या टेबलात असलाच पाहिजे, ही अट). रॅम ८ जीबी. फॉरेन कीची तपासणी बंद करायला धीर होत नाही, कारण पुन्हा चालू केली तरी आत गेलेल्या ओळी मायएसक्यूएल तपासत नाही, आणि नाव कमी झालेल्या सभासदांच्या पावत्या यात नक्की असणार.

काय करू?

प्रतिसाद:
इनोडीबी (मायएसक्यूएलचा डेटा साठवणारा भाग) ओळी प्रायमरी कीच्या क्रमाने पानांत, म्हणजे छोट्या ठोकळ्यांत, मांडतं. तुमची यूयूआयडी कुठलीही कुठेही पडते, म्हणजे दर ओळीला वेगळं पान. पानं मेमरीत मावतात तोवर मजा, मग प्रत्येक ओळीमागे डिस्कची वारी. बफर पूल (ही पानं ठेवायला दिलेली मेमरी) किती आहे? हात लावला नसेल तर १२८ एमबी असणार. सर्व्हरवर दुसरं काही नसेल तर ५ जीबी करा. सीएसव्ही यूयूआयडीनुसार सॉर्ट करून घ्या, निम्मं दुखणं तिथेच आहे. फॉरेन की आणि इंडेक्स काढून भरा, नंतर जोडा. तपासणी चालू ठेवून फॉरेन की जोडलीत तर बेवारस ओळ (सभासद टेबलात सभासदच नसलेली पावती) असताना ती जोडलीच जाणार नाही, तेव्हा आधी लेफ्ट जॉइन (अशा ओळी शोधून देणारी क्वेरी) मारून बघा. आणि जमलं तर कॅर(३६)ऐवजी बायनरी(१६), म्हणजे तोच क्रमांक १६ बाइटमध्ये. ही की प्रत्येक इंडेक्समध्ये पुन्हा साठते.

धागाकर्ता:
१२८च निघाला! सॉर्ट करून, इंडेक्स काढून ४० मिनिटांत सगळं आत. बायनरीचं पुढच्या खेपेला, ॲपला आत्ता हात लावत नाही. लेफ्ट जॉइनमध्ये सभासदच नसलेल्या २११ पावत्या सापडल्या. यादी संघाच्या क्लार्ककाकांना दिलीय, ते जुनी रजिस्टरं काढून बसलेत.